काकाजींचे सत्कार

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मास्तरकी मिळाली तेव्हा खोली शोधत मी ज्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो, तिथं एक गृहस्थ डोक्यावर ओला पंचा टाकून बाजेवर बसले होते. मी ट्रंक खाली ठेवली. गाव वर्धा सांगितलं, शाळेत इतिहास शिकवणार हे सांगितलं, आणि आपलं थोडं वजन पडावं म्हणून एम.ए.ला फर्स्ट क्लास होता हेही सांगून टाकलं.

"कोन म्हनते?" त्यांनी विचारलं.

"युनिव्हर्सिटी."

"ते युनिव्हर्सिटीनं पाह्यलं असन. मी कुठं पाह्यलं? मले दाखवा."

मी सर्टिफिकेट काढायला ट्रंकेशी वाकलो.

"कागद नाई. इतिहास दाखवा. मराठे पानपतात काहून हरले?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण ते मांडी सावरून, पंचा बाजूला ठेवून, खरोखरच ऐकायला बसले होते. मग मी उभ्याउभ्या पानिपत सुरू केलं. ते मधेच अडवत. एवढ्या बैलांना चारा कुठून येत होता? यमुना भरली होती तर उतार कोणी शोधून दिला? यातलं एकही मला परीक्षेत विचारलेलं नव्हतं. शेवटी आतून बांगड्या वाजल्या आणि एक बाई दारात येऊन म्हणाल्या, "पानपत झालं असन तर त्याईले बसाले तरी सांगा. केव्हाचे उभे हायेत."

"थांब वं. अजून संक्रांत नाई आली."

संक्रांत आली, फौज बुडाली, आणि मला मागच्या दोन खोल्या मिळाल्या. चावी हातावर ठेवताना ते म्हणाले, "फर्स्ट क्लास हाये. आता मी कोनालेही सांगू शकतो."

हे आमचे घरमालक विधानसभेत निवडून गेलेले आहेत हे मला आठवड्यानं कळलं. तहसीलदार साहेब ओसरीखाली चपला काढून उभे होते आणि आमचे मालक त्यांना बसायला खुर्ची पुसून देत होते. सारं गाव त्यांना काकाजी म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकी. मीही तेच म्हणू लागलो.

काकाजी चौथीपर्यंत शिकलेले. घरचं धानाचं शेत, गावात थोडी राईसमिलची भागी, आणि लोकांच्या कामाला धावून जायची खोड. एवढ्यावर ते भोपाळला पोचले. दिसायला ठेंगणे, कानांवर केस, आवाज मात्र हाटात पोतं विकणाऱ्याचा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ज्यानं जे केलं त्यावरून ते हाक मारत. मी "इतिहास" झालो. आमच्या शाळेचे हेडमास्तर कधीकाळी वैनगंगेच्या पुरातून एक गाय काढून बसले होते, तर काकाजी त्यांना भर सभेत "गायवाले गुरुजी" म्हणत. हेडमास्तरांना ते मुळीच आवडत नसे. काकीला ते "अध्यक्ष महोदया" म्हणत, कारण विधानसभेत अध्यक्ष आणि घरात काकी, हे दोघेच त्यांना बोलताना थांबवू शकत.

"अध्यक्ष महोदया, मले बोलाची परवानगी हाये का?"

"नाई. दूध उतू जाऊन राह्यलं, ते पाहा पयले."

भोपाळचे अध्यक्ष मात्र काकीइतके खंबीर नव्हते. काकाजी सिंचनावर प्रश्न विचारायला उभे राहत आणि सुरुवात करत ती आपल्या भागातल्या कोणा पोरानं कुस्ती मारली, कोणती पोर परीक्षेत पहिली आली, कोण शिपाई पदक घेऊन घरी आला तिथून. अध्यक्ष म्हणत, "माननीय सदस्य, प्रश्न पूछिए." काकाजी म्हणत, "पूछता हूँ महोदय, पहले जरा अच्छी बात तो हो जाए." हे ते घरी येऊन आम्हाला दोन्ही आवाजांत करून दाखवत. त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच बाहेरगावी जायचे कपडे घातलेले. पण भोपाळात ती कळत असे, आणि मला सांगणारे सांगत की त्यांचं भाषण असलं की मागच्या बाकांवरचे झोपलेले सदस्यही जागे होत.

कारण काकाजींचं कौतुक ऐकीव नसे. ते म्हणत, "ऐकीव कौतुक म्हंजे शिळा भात. पोट भरते, पर वास येते." सत्कार करायचा तर आधी स्वतः पाहायचं, हा त्यांचा नेम. शाल, नारळ, हार यांची बाकीच्यांसारखी त्यांचीही सोय असे, पण त्याआधी सत्कारमूर्तीची जी काही परीक्षा होई तिला पोरं टरकत.

लामत्याकडचा एक आदिवासी तरुण राज्याच्या शर्यतीत लांबच्या पल्ल्याला पहिला आला. काकाजी सायकल घेऊन लामत्याला गेले आणि त्याला म्हणाले, "पळ. मी मागं येतो." पोरगं लाजलं, मग धोतर खोचून जंगलच्या सडकेनं निघालं. काकाजी मागे पायडल मारत. सागाच्या झाडीत चढ लागला तेव्हा काकाजी सायकलसकट नाल्यात गेले. पोरगं बरंच पुढे जाऊन परत आलं, आणि एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं काकाजी असे दोघांना धरून गावात घेऊन आलं. सत्काराच्या दिवशी कपाळावर पट्टी बांधलेले काकाजी माइकसमोर उभे राहिले. "लोक म्हनतात हा जोरात पळते. मी सांगतो, माह्याजवळ दोन चाकं होते, याच्याजवळ दोन पाय. हरलं कोन, तर मी." एवढंच बोलून बसले. तो पोरगा खुर्चीत मान खाली घालून हसत राहिला, आणि टाळ्या थांबेनात.

राजेगावच्या बाजूची एक मुलगी अकरावीला जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा मला सोबत घेऊन ते तिच्या घरी गेले. बौद्ध कुटुंब. वडील विणकाम करणारे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात उभे. "जय भीम साहेब," म्हणाले, "शाल देऊन राह्यले म्हनते माह्या पोरीले. शाल घरी हाये. हॉस्टेलात जागा नाई. तिले जबलपूरले शिकाचं हाये."

"जागेचं मी पाहतो," काकाजी म्हणाले. "पर पयले तिले मले शिकवू द्या."

मुलीनं त्यांना काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत शिकवला. अंगणातल्या सारवणावर खडूनं आकृती काढली. काकाजी उकिडवे बसून मान हलवत, विसरत, पुन्हा विचारत. मुलगी आधी घाबरत होती. थोड्या वेळानं ती इतकी रंगली की म्हणाली, "काकाजी, ध्यान कुठं हाये तुमचं?" माझे विद्यार्थी माझ्याशी असे कधी बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

सत्काराला काकाजींनी मंचावर फळा आणवला. कलेक्टर साहेब बसलेले, जज्ज साहेब बसलेले, आणि आमदार खडू घेऊन सिद्धांत सिद्ध करू लागले. अर्ध्यात आले आणि अडकले. मग मंचावरच्या खुर्चीतून आवाज आला, "काकाजी, ते रेघ चुकली." काकाजींनी वळून पाहिलं, खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. मुलीनं रेघ पुसली, नवी काढली आणि सगळं शेवटपर्यंत नेलं. तिचे वडील पहिल्या रांगेत बसून एकेका पायरीला मान डोलवत होते. पुढच्या अधिवेशनात काकाजींनी मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न इतक्यांदा उठवला की अध्यक्षांनीच म्हणे मंत्र्यांना सांगितलं, एक जागा देऊन टाका आणि सुटका करून घ्या. ती मुलगी जबलपूरला गेली. पुढे प्राध्यापक झाली.

अशी ही गंमत वर्षानुवर्षं चालली असती. पण चीनच्या लढाईत गेलेला लांजीकडचा एक फौजी दोनतीन वर्षांनी फौजेतून सुटून घरी आला.

निवडणूक वर्षावर आली होती. लांजीला सभा ठरली होती, भोपाळहून मंत्री येणार होते, आणि भागातल्या फौजींचा मंचावर गौरव व्हायचा होता. हा तरुण त्यांत मुख्य. गावोगाव त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी चालत. त्यानं बर्फात उभं राहून किती शत्रू लोळवले याचा आकडा दर हाटाला वाढे. तो स्वतः काही सांगत नसे, पण लोकांना तेही शोभून दिसे.

काकाजी मला म्हणाले, "चला इतिहास, पाहून येऊ."

आम्ही बसनं लांजीला आणि तिथून पायी त्याच्या गावी गेलो. फौजी अंगणात बसून दोर वळत होता. पंचविशीचा असेल. पायात लष्करी बूट, तेही घरच्या अंगणात. आई शेतावर गेली होती. त्यानं आम्हाला बाज टाकून दिली, पाणी दिलं आणि पुन्हा दोर हातात घेतला.

काकाजींनी नेहमीसारखं एकदम विचारलं नाही. ते धानाचं बोलले, बोडीतल्या म्हणजे शेततळ्यातल्या पाण्याचं बोलले. त्यांना ऐकून घेता येत असे, हा त्यांचा मोठा गुण. समोरच्याला वाटे, या माणसाला दुसरं काही काम नाही. बऱ्याच वेळानं फौजी आपणहून म्हणाला, "काकाजी, लोक म्हनतात तसं काई झालं नाई."

"मंग कसं झालं?"

"मी एक बी गोळी नाई चालवली. दुश्मन दिसलाच नाई. हुकूम आला, वापस चला. आमी चाललो. बर्फच बर्फ. पायात कापडी बूट, ते भिजले. संगचे काई जन थकून बसले. जे बसले ते उठलेच नाई."

"तू काहून नाई बसला?"

तो जरा हसला. "माय चिखलात धानाची रोपं लावताना म्हने, रोवण्याची पात अर्धी झाल्यावर कंबर सरळ करू नको, मंग वाकवत नाई. मले तेच आठवून राह्यलं होतं. म्हटलं, बसलो का संपलो."

मग त्यानं बूट काढून दाखवले. दोन्ही पायांना बोटं नव्हती. बुटांच्या पुढच्या भागात त्यानं चिंध्या कोंबल्या होत्या, म्हणून त्याची चाल कोणाच्या ध्यानात येत नसे. काकाजींनी ते पाय पाहिले. हात लावला नाही. परतताना बसमध्ये त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. "रोवण्याची पात," ते दोनतीनदा म्हणाले. "काय पोरगं हाये!"

सभेला लांजीत माणूस मावत नव्हता. मंत्री बोलले. शत्रूला धूळ चारणारा वीर, या भूमीचा वाघ, असं पुष्कळ बोलले. लोकांनी जयजयकार केला. फौजी गणवेश घालून मंचावर ताठ बसला होता. त्याची आई बायकांत सगळ्यांत पुढे, नवं लुगडं नेसून.

मग काकाजी उठले.

"मंत्रीजीनं ऐकलं ते सांगतलं," ते म्हणाले. "मी पाह्यलं ते सांगतो. या पोरानं एक बी गोळी नाई चालवली."

मंत्र्यांनी शेजारच्याकडे मान वळवून काहीतरी विचारलं. काकाजी बोलत राहिले. बर्फाचं बोलले, कापडी बुटांचं बोलले, जे बसले ते उठले नाहीत हे बोलले. "याच्या पायाले बोटं नाईत. तरी हा चालत घरी आला. आपन इथं गोधडीत झोपलो होतो आन याले बर्फात कापडी बूट घालून उभं केलं होतं. याचा सत्कार कराची आपली लायकी नाई. आपन याची माफी मागली पायजे." आणि त्यांनी फौजीसमोर हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

माझ्या आठवणीत त्यांचं इतकं चांगलं भाषण दुसरं नाही. आणि इतकं चुकलेलंही नाही.

फौजी उठला. अंगावरची शाल काढून त्यानं खुर्चीवर ठेवली. काकाजींच्या जवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?" मंचावर आम्ही जे होतो त्यांनाच ते ऐकू गेलं. मग तो पायऱ्या उतरून गर्दीतून निघाला. लोकांनी वाट करून दिली, आणि सगळे, अगदी सगळे, त्याच्या बुटांकडे पाहू लागले. टाचांवर भार देऊन तो कसा चालतो हे त्या दिवशी गावानं पहिल्यांदा पाहिलं. त्याची आईही उठली आणि पदर सावरत त्याच्यामागे गेली.

पुढचं काही मी पाहिलं, काही ऐकलं. मंत्री रागावले. भर सभेत बुटांचं काढायची काय गरज होती, असं भोपाळात विचारलं गेलं, आणि पक्षाचं तिकीट दुसऱ्याला मिळालं. काकाजींना त्याचं विशेष वाटलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. लांजीच्या हाटात टवाळ पोरं फौजीला विचारू लागली, "फौजी, गोळ्या वाचवून आनल्या का गा घरी?" तो हाटात यायचा बंद झाला.

काकाजी त्याच्या गावी पुन्हा पुन्हा गेले. तो भेटत नसे. शेतात निघून जाई. आई ओसरीवर पाणी आणून देई आणि उभी राही. एकदा मीही होतो. काकाजी तिला म्हणाले, "बाई, मी त्याचं चांगलंच बोललो होतो."

"चांगलंच बोलले साहेब," ती म्हणाली. "पर माह्या पोराचे पाय कसे झाले, ते मले तुमच्या भोंग्यातून आयकाले भेटलं. त्यानं मले नवतं सांगतलं."

काकाजींनी पाण्याचा गडवा खाली ठेवला. बस स्टँडवर आल्यावर म्हणाले, "इतिहास, मी डोयानं पाह्यलं म्हनून ते माहं होत नाई, नाई का?" त्या वर्षी त्यांनी एकही सत्कार केला नाही. आमच्या शाळेचा मुलगा राज्याच्या कबड्डीत निवडला गेला तेव्हा मी त्यांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "त्याले घरी बलावून काकीच्या हातचं जेवू घाला. माइक नको."

लोकांच्या आग्रहानं ते निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. चांगलेच पडले.

निकालाच्या दिवशी सकाळी ओसरी भरलेली होती. दुपारी बातमी आली तशी माणसं एकेक करून उठली. कोणाची बस होती, कोणाचं लेकरू आजारी होतं. काकी आत स्वयंपाकाला लागली. काकाजी बाजेवर, मी खांबाला टेकून.

फाटक वाजलं. फौजी आत आला. लांजीच्या बसनं उतरून स्टँडपासून चालत आला होता, घामानं भिजला होता. काकाजी उठून उभे राहिले.

"पडले म्हनते," फौजी म्हणाला.

"हौ."

"माहं मत बी तुमाले नवतं. दुसऱ्याले देल्लं. मागून कोनी सांगन, त्यापेक्षा मीच सांगावं म्हनून आलो."

"बरं केलं," काकाजी म्हणाले.

तो तिथंच उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. मग म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी तुमी साऱ्या देशाची माफी मागली. तुमची राहून गेली."

काकाजी बाजेपासून एक पाऊल पुढे आले.

"मी तुमाले घरात बसून सांगतलं होतं. घरातली गोष्ट होती. सांगू का म्हनून इचाराचं तरी."

भोपाळात अध्यक्षांना न जुमानता बोलणारा हा माणूस. त्यांनी हात जोडायला उचलले आणि पुन्हा खाली घेतले. शेवटी म्हणाले, "चुकलो बापू. इचाराले पायजे होतं. नाई इचारलं. चुकलो."

फौजीनं मान हलवली. ओसरीच्या कडेवर बसला आणि बाहीनं तोंड पुसलं. "काकी," त्यानं आत हाक मारली, जसा काही रोजचा येणारा, "काई शिजलं असन तर वाढा. सकायपासून उपाशी हाये."

काकीनं पानं मांडली. आम्ही तिघं जेवायला बसलो. चिन्नोरचा भात होता, वांग्याची भाजी होती. फौजी खाली मान घालून भराभर जेवत होता. काकाजींचा घास हातातच होता. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते आवरत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांच्या सहवासानं दिसत होतं.

"बापू," ते म्हणाले, "एक इचारू का?"

"इचारा."

"मत कोनाले देल्लं?"

फौजीनं घास गिळला, पाणी प्याला. "ते नाई सांगत," तो म्हणाला.

काकाजींनी हातातला घास पानात ठेवला. मग खदखदून हसले. कितीतरी महिन्यांनी त्या घरात ते हसणं ऐकू आलं. काकी आतून पाहायला आली.

"हौ," काकाजी म्हणाले, "नको सांगू," आणि भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.